आगाऊ भरलेले फॉर्म

२ नोव्हेंबर १९९८, आंजी
पोचले एकदाची! आईला वाटतंय, दोन दिवसांत रडत परत येईन. खोली कोकिळाकाकूंकडे मिळालीय. मागे वांगी-मेथीचा मळा, म्हणजे भाजीची चंगळ. काकू एकट्याच राहतात. आल्या आल्या म्हणाल्या, "किती वाळली वं पोरी, जेवत नाई का?" काम सोपं आहे. रक्तवाढीच्या नव्या गोळीवर संशोधन चाललंय, गावातल्या चाळीस बायका ती घेतात. काकूही त्यातल्याच. मी दर मंगळवारी प्रत्येकीचं बोट टोचून हिमोग्लोबिन मोजायचं आणि फॉर्म भरायचा. प्रकल्पप्रमुख प्रभाकरराव सर शनिवारी वर्ध्याहून येतात. जरा जास्तच गोड बोलतात.

१२ नोव्हेंबर
सुया शोधायला कपाट उघडलं, तर महिनाअखेरपर्यंतचे फॉर्म भरून तयार! सगळे सरांच्या अक्षरात, बहुतेकींचं रक्त दर आठवड्याला वाढलेलं. वा रे संशोधन! मग मला कशाला आणलंय इथे? उद्या याच आकड्यांच्या भरवशावर लोक गोळी घेतील. संताप झाला. आकडे वहीत उतरवून घेतलेत, मंगळवारी पडताळते.

१७ नोव्हेंबर
यादीतल्या पहिल्या बाईचं, पंचफुलाचं, मी मोजलेलं ११.२. फॉर्मवर ११.२. चाळीसही जणींचं तसंच, दशांशापर्यंत. यंत्रात काही करून ठेवलंय का? सेलूच्या दवाखान्यातून दुसरं मागून आणलं. तेच आकडे.

२४ नोव्हेंबर
पंचफुलाच्या फॉर्मवर आजची नोंद 'गाव सोडलं' अशी आहे. वाचून हसले होते मी. आज तिच्या दाराला कुलूप. शेजारीण सांगते, सकाळी तर भाकरी टाकून राह्यली होती.

२८ नोव्हेंबर
सरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, बायकांना फॉर्मप्रमाणे वागायची सवय झालीय. एवढंच. ते गेल्यावर त्यांनी आज कपाटात ठेवलेला डिसेंबरचा गठ्ठा काढला. कोकिळाकाकू, १ तारीख: मृत्यू.

३० नोव्हेंबर
काकूंना वर्ध्याला दाखवून आणलं. ठणठणीत आहेत. तरी भीती जात नाही. चुकीची नोंद एका रेघेनं खोडून सही करायची, असा नियम आहे. खोडली. 'जिवंत, ११.४' लिहिलं. न मोजता लिहिलेला माझा पहिला आकडा. काकूंसाठी लिहिला, मला लाज वाटत नाही.

१ डिसेंबर
वांगी तोडता तोडता काकू कोसळल्या. नाडी नव्हती, मी स्वतः पाहिलं — मग उठून बसल्या. बोट टोचलं. रक्त आलं नाही. यंत्रावर ११.४ —

२ डिसेंबर
जेवत नाहीत. पापणी लवत नाही. हात गार.

४ डिसेंबर
अंगाला वास येतोय. शेजारणी फिरकत नाहीत. काकूंचं एकच — "दुखून राह्यलं वं पोरी. सोड मले."

५ डिसेंबर
सरांनी फॉर्म पाहिला. माझी सही पाहिली. पाठ थोपटली. म्हणाले, शिकलीस.
ते गेले. काकू समोर बसल्यात — माझ्या हाताकडे बघत —
'जिवंत' खोडलं. हे मोजमाप नाही, मीच ठरवतेय — काकू, माफ करा — बोट पुढे नका करू — लिहितेय — मृ