सगळ्यांचं दुसरं मत

प्रिय ऑर्विल,

परवा फोनवर तुझी व्हर्ना सांगत होती, "ते दिवसभर ओसरीत बसतात, पत्त्यांचं नाव काढलं की अंगावर येतात." लेका, उजवा हात लुळा पडला म्हणून माणूस असा मिटून जातो का? वेको गावातल्या त्या पोकरच्या बैठकीत पत्ते वाटायची पाळी तुझ्यावर आली. शेजारचा म्हणाला, "आण, मी वाटतो तुझे." तू टोपी उचलून चालता झालास. मी मागे धावलो, तर म्हणालास, "ज्याला पत्ते वाटता येत नाहीत, तो कसला खेळाडू!" त्याचं उत्तर आज देतोय.

गेल्या वर्षीची एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. म्हटलं, तुला वाटेल दया करतोय. लास व्हेगसच्या एका क्लबमालकाने आम्हा टेक्सासवाल्यांना बोलावून आठवडाभर खेळवलं आणि शेवटी म्हणाला, "आता तुमच्यातला जगज्जेता तुम्हीच मतं टाकून निवडा." चिठ्ठ्या उघडल्या तर काय, प्रत्येकाने स्वतःलाच मत दिलेलं! मालकाने कपाळाला हात लावला. "अरे चोरांनो, निदान दुसऱ्या नंबरचा तरी लिहा!" मी तुझं नाव लिहिलं. वाटलं, हे आपलं एकट्याचंच खूळ. पण वाचताना तुझंच नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं. रस्क म्हातारा सख्ख्या भावालाही कधी चांगलं म्हणत नाही, तोसुद्धा पुटपुटला, "ऑर्विल येणार असता तर मी घरीच बसलो असतो." गैरहजर माणसाला कप देता येईना, म्हणून तो दुसऱ्याला गेला. मला मात्र भरून आलं, खोटं कशाला सांगू.

यंदा मतं नाहीत. सगळ्यांनी सारख्याच पैशांच्या चिप्स घेऊन बसायचं, संपल्या की उठायचं, शेवटी उरेल तो जगज्जेता. काल मी नाव द्यायला गेलो तेव्हा मालकाने आणखी एक नियम सांगितला, आणि म्हणूनच तुला लिहायला बसलोय. भांडणं नकोत म्हणून यंदा कोणत्याच खेळाडूने पत्त्यांच्या गड्डीला हात लावायचा नाही. पिसायला आणि वाटायला क्लबचा माणूस बसणार. तुझ्यासाठी नव्हे रे, सगळ्यांसाठी, माझ्यासाठीसुद्धा. आपण फक्त आपल्यापुढे पडलेल्या दोन पानांचे कोपरे उचलून बघायचे, आणि त्याला डावा हात पुरतो. मी दोन नावं देऊन आलोय. रविवारी गाडी घेऊन येतो. व्हर्नाला म्हणावं, टोपी झटकून ठेव.

तुझाच (टेबलावर बसेपर्यंत),
हॉलिस