उंबरठ्यावर एक बोट जास्त

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज मीठ विकणारी झाली. मर्सी टॉलग्रेव्ह. यांनी नाव अक्षर-अक्षर सांगितलं तरी मी दोनदा खोडलं. तीनशे वर्षांपूर्वीची बाई. समुद्राकाठी राहायची, दारोदार मीठ विकायची आणि कविता करायची. लिहिता येत नव्हतं. गावच्या पाद्र्याने ऐकून उतरवल्या म्हणून राहिल्या. यांनी आधी इंग्रजीत ओळी म्हटल्या, मी लिहिल्या. मग नेहमीप्रमाणे मराठीत सांगितलं — पाळणा शेजारणीला देऊन टाकला, पण माझा पाय अजून हलतो.

मी म्हटलं, पुढे?

हे म्हणाले, पुढे नाही. एवढीच आहे.

उपास होता. भगर खाताना तीच ओळ आठवत राहिली. कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाचं पुस्तक माझ्या दहावीच्या इंग्रजीवर चाललंय. महादेवच लिहून घेतोय म्हणायचं.

१ मार्च

खाली दुकानात साखर घ्यायला गेले तर झुंबरबाई म्हणते, ‘‘भाभी, परीक्षा कब है? रोज सकाळी वरून एबीसीडी ऐकू येते.’’ मी म्हटलं, तुम्ही पण या, पाटी घेऊन. म्हणाली, ‘‘मला माझ्या उधारीच्या वहीतलंच वाचून घ्यायला पोरगा लागतो.’’

खरं तर तिला कौतुक आहे. यांचे डोळे दिवाळीत पार गेले तेव्हा तीच पहिली धावत आली होती.

५ मार्च

देवपूजा आटोपली की हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतात. जसं कॉलेजला निघायचंय. मी समोर. पेनाचा आवाज कान देऊन ऐकतात. आवाज थांबला की तेही थांबतात.

आज ओबेड क्रॅनविक. चर्चची घंटा वाजवणारा. वाजवून वाजवून बहिरा झाला. त्याने लिहिलंय — मी वाजवतो ती वेळ साऱ्या गावाला कळते, मला हातातला दोर थरथरतो तेवढंच कळतं.

मी विचारलं, ही माणसं तुम्हाला भेटली कुठे? पुन्हा तीच धुळ्याची गोष्ट. नवी नोकरी, भाड्याची खोली, आणि गावाबाहेर एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांचा बंगला. तिथे कपाटं भरून जुनी पुस्तकं. रोज संध्याकाळी जाऊन वाचायची, आवडलं ते पाठ करायचं. पाद्रीबाबा गेले, अर्धी पुस्तकं वाळवीने खाल्ली, उरलेली रद्दीत.

‘‘नावाजलेल्या कवींना वाचायला जग आहे,’’ हे म्हणाले. ‘‘हे माझ्या एकट्याच्या भरवशावर आहेत.’’

त्यांच्यापायी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्याशी वाद. मी उंबरठ्यावर घरातल्या गेलेल्यांच्या नावाने कुंकवाचं एकेक बोट ओढते, मामंजी, आत्याबाई, धाकटे दीर. हे मागे उभे राहून म्हणणार, ‘‘अजून एक ओढ. ज्यांच्या नावानं कुणी ओढत नाही त्यांच्यासाठी.’’ किरिस्तावांसाठी माझ्या उंबरठ्यावर! पण ओढते. सणाच्या दिवशी कुठे तोंड लावायचं.

११ मार्च

स्वप्नील आला होता. यांचा विद्यार्थी, आता त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवतो. भरलेल्या वह्या टाईप करायला घेऊन गेला. जुने विद्यार्थी मिळून पुस्तक छापणार, यांच्या हयातीत प्रकाशन करायचं म्हणतात. शेवभाजी केली, दोनदा मागून घेतली त्याने. हे आज खूप हसले. संध्याकाळी मला म्हणाले, पुस्तकावर तुझं पण नाव घालायचं, लेखनिक म्हणून. मी म्हटलं, नको, लोक हसतील.

रात्री देवाला जास्तीची वात लावली.

१९ मार्च



स्वप्नील आला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरला. ‘‘काकू, चहा नको. जरा बसा. यातले निम्मे कवी सापडत नाहीत.’’

मी म्हटलं, मेलेले सापडतील कसे.

हसला नाही. ‘‘कुठल्याच पुस्तकात नाहीत, काकू. इंटरनेटवर नाहीत. तिकडच्या मोठ्या लायब्रऱ्यांच्या याद्या बघितल्या. नावच नाही.’’

‘‘मीठ विकणारी?’’

‘‘ती पण नाही.’’

‘‘घंटावाला?’’

‘‘तोही नाही.’’

‘‘पाद्रीबाबांच्या बंगल्यात वाचलंय त्यांनी.’’

‘‘तिथं आता मंगल कार्यालय आहे, काकू.’’ मग खाली बघून म्हणाला, ‘‘डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला तेव्हा काय सांगितलं होतं?’’

सांगितलं होतं. आकसत चाललाय, खऱ्याखोट्याची सरमिसळ होईल. मला वाटलं होतं, औषधाच्या वेळा विसरतील.

स्वप्नील म्हणाला, सापडले तेवढेच छापू. बाकीचे छापले तर लोक सरांना हसतील, आणि ते मला बघवणार नाही. पुढचं जे सांगतील त्याचं — तुम्हीच बघा.

बाहेरून यांनी हाक मारली, ‘‘काय म्हणतोय स्वप्नील?’’

मी म्हटलं, अक्षर छान आहे म्हणतोय.

२० मार्च

आज लिहिता लिहिता रिफील संपली. नवी घालायला उठले आणि नाही घातली.

वही मिटली. कालचा पेपर पाटावर ठेवला आणि त्यावर कोरडी रिफील फिरवत राहिले. आवाज तसाच येतो. हे सांगत राहिले.

२५ मार्च, एकादशी

पापमोचनी एकादशी आणि माझं हे काम. देवासमोर बसले, काही मागता आलं नाही.

पण करू काय? सांगायचं थांबवलं तर त्या खुर्चीत बसून हे काय करणार? आणि नसलेल्या माणसांसाठी वह्या का भरायच्या? वही काय फुकट येते? मनगट दुखतं ते वेगळं. आज तर रागच आला. इतकी वर्षं ही माणसं आमच्या घरात जेवायला बसली. मी वाढत असायचे आणि हे त्यांच्याबद्दल बोलत असायचे. सप्तशृंगीला जायचं दर चैत्रात राहिलं, कारण यांचं वाचन. मी म्हणायचे, असू दे, कुणीतरी त्यांची आठवण ठेवायला हवी. आणि आता कळतंय की ती नव्हतीच.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. सणाचा दिवस म्हणून सुद्धा हे थांबले नाहीत. कुणी मेंढ्या राखणारा, कुणी फाशीच्या कैद्यांसाठी गाणी लिहिणारा. मी कुरडयांना गहू किती भिजवायचे ते मनात ठरवत होते. पेपरही रोज नवा घेत नाही, तोच उलटसुलट करते. ओळीवर ओळ.

६ एप्रिल, रामनवमी

हे घाईत आहेत. एकेका सकाळी तीन-तीन जणांचं सांगतात. मधेच विचारतात, ‘‘बाई, तुम्ही कुठल्या वर्गाच्या?’’ मी म्हणते, दहावी ‘ब’. मग म्हणतात, हुशार आहात.

आज एका बाईचं सांगितलं. पावाच्या भट्टीवर काम करायची. कागद कुठून आणणार, भट्टीच्या भिंतीवर कोळशाने कविता लिहायची. दरवर्षी सणाला मालक चुना मारायचा. मग ही पुन्हा पहिल्यापासून.

मला राहवलं नाही. विचारलं, मग तुम्हाला कशा कळल्या?

‘‘एक भिंत चुना मारायची राहिली होती.’’

 असं कुणी बनवून सांगेल? उठले, देवघराच्या फळीवर रिफील शोधली, मिळाली, घातली, येऊन बसले. तोवर हे पुढच्यावर गेले होते. म्हटलं, त्या भट्टीवालीचं नाव परत सांगा.

हे म्हणाले, ‘‘आत्ताच तर लिहिलंस.’’

मी आवाज ऐकवला होता ना.  नंतर दोनदा विचारलं. कोण भट्टीवाली, म्हणाले.

रामजन्माचा सुंठवडा वाटला. झुंबरबाई म्हणाली, तोंड का उतरलंय भाभी? म्हटलं, ऊन.

१२ एप्रिल

त्या एका दिवसापुरती रिफील घातली, मग पुन्हा कोरडीवर आले. स्वप्नीलला फोन केला होता भट्टीवालीबद्दल. म्हणाला, काकू, तुम्ही पण आता त्यात शिरू नका.

आज हे शेवटच्या ओळीवर थांबले.  मग अहिराणीत बोलले. आईशी बोलायचे तशी आताशा बोलतात. ‘‘सरनं. बठ्ठं लिखं ना?’’ संपलं, सगळं लिहिलंस ना, असं.

मी म्हटलं, ‘‘बठ्ठं लिखं.’’

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं वही मागताहेत. त्यांना माझा हात हवा होता. मनगट चोळत बसले. दुखत असेल, म्हणाले.

१५ एप्रिल

सकाळी हाक मारली तर ओ दिली नाही. झटका. डावी बाजू वाचली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, कळतं किती ते सांगता येत नाही. बोलतील का? ते बघू म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे मला आता कळतं.

१९ एप्रिल

शर्टाला इस्त्री केली. खुर्चीत बसवलं. समोर बसून काय करायचं ते सुचेना.

२४ एप्रिल, एकादशी

दिपमाला धुळ्याहून आली. लेक सासरहून आखाजीला माहेरी येते ती झोका खेळायला. ही बापाला भरवतेय. मला विचारते, ‘‘आई, अण्णांचं पुस्तक झालं?’’ म्हटलं, झालं. ‘‘सगळं?’’ मी कुरडया उलटवायला गच्चीवर गेले.

३० एप्रिल, आखाजी

घागर भरली. सांजोऱ्या केल्या, आंबे ठेवले. यांची खुर्ची दाराशी आणली. उंबरठा धुऊन बसले. मामंजी. आत्याबाई. धाकटे भाऊजी.

मग मागून कुणी काही म्हटलं नाही.

थांबून राहिले, तरी नाहीच. मग मीच ओढायला लागले. मर्सीबाई टॉलग्रेव्ह. ओबेड क्रॅनविक. वह्यांमधले आठवतील ते सगळे, सापडलेले आणि न सापडलेले. नसतील तर नसतील, कुंकवाला काय तोटा आहे. मेंढ्या राखणाऱ्याचं नाव आठवलं नाही, नुसतंच बोट ओढलं. फाशीवाल्याचं नुसतंच. भट्टीवालीचं नुसतंच. असे कितीतरी.

दिपमाला म्हणाली, ‘‘आई, उंबरठा भरला. आपल्याकडे इतकी माणसं गेली तरी कधी?’’

मी यांच्याकडे पाहिलं. मान दाराकडे होती. ऐकत होते की झोपले होते, कळलं नाही.

३ मे

सकाळीच स्वप्नीलचा फोन. दम लागल्यासारखा बोलत होता. ‘‘काकू, घंटावाला सापडला. त्या गावच्या चर्चमधली एक जुनी पुस्तिका कुणीतरी आत्ता इंटरनेटवर टाकलीय. त्यात त्याच्या दोन कविता आहेत. सरांनी सांगितल्या त्याच, शब्दाला शब्द. काकू, सर खरं सांगत होते. मी मूर्ख. एकही वगळायचा नाही आता. मार्चनंतरच्या वह्या काढून ठेवा, मी निघालोच.’’

कोरडी रिफील फिरवलेले पेपर मी स्वयंपाकघराच्या फळ्यांवर पसरले होते, ते काढले. गच्चीत उन्हाला धरून पाहिले. ओळीवर ओळ, वळावर वळ. एक अक्षर लागत नाही.

खाली आले. नवी वही घेतली, नवी रिफील घातली. यांच्या समोर बसले. म्हटलं, सांगा, आता खरंच लिहिते. पेन कागदावर चालवलं. आवाज ऐकून यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. त्यांच्यापुरतं सगळं लिहून झालंय.

खाली झुंबरबाई कुणाला तरी सांगतेय — वरच आहेत, जा.