डिंकाचे लाडू आणि अफूच्या खुर्च्या

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
बुधवार

ती. मालनताईस,

धाकट्या नरहरीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? आगाशीत थंडी वाढली असेल, तर पहाटे वाडीत शिंपायला जाऊ नकोस. तुझे डिंकाचे लाडू पोचले, आणि त्यांच्यापायी मी सध्या अफूबाज ठरलो आहे.

घाबरू नकोस, नीट सांगतो (म्हणजे मला कळलंय तेवढं). आपली अक्षया प्रयोगशाळेत एक किरणोत्सारी औषध बनवते आहे. मेंदूत म्हणे अफूसाठी जन्मतःच खुर्च्या मांडलेल्या असतात. (चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या, सुपारीचं खांडही न चाखलेल्या माणसाच्या मेंदूतसुद्धा!) दुखणं शमवणारं शरीराचं स्वतःचं रसायनही त्यांवरच बसतं. अक्षयाचं औषध टोचलं की ते तिथे जाऊन बसतं आणि कुठे किती खुर्च्या ते यंत्रावर दिसतं. पण वीस मिनिटांत त्याचा निम्मा जोर जातो, पुढच्या वीस मिनिटांत उरलेल्याचा निम्मा. मग इतकं खपून बनवायचं कशाला, हे मी तिला तीनदा विचारलं. तिने तीनदा समजावलं. चौथ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

या तपासणीला साठीपुढची निरोगी माणसं मिळेनात. तिचं तीन वर्षांचं काम एका माणसावाचून अडलं होतं, म्हणून मी छाती काढून हो म्हणालो. सोमवारी पहाटेपासून ती औषधाला लागली, आणि इकडे तपासणीआधी घेतलेल्या माझ्या लघवीत अफूचा अंश निघाला! डॉक्टरीणबाईंनी दार लोटून मायेने विचारलं, "काका, काय घेता? लाजू नका." मी म्हटलं, "रात्री इसबगोल." मग उलगडा झाला की लाडवातली खसखस अफूच्याच बोंडातली. खुर्च्या आधीच अडलेल्या असतील तर मोजणार काय? तोवर अक्षयाचं औषध बाटलीतल्या बाटलीत विरून गेलं. तेव्हापासून लेक माझ्याशी "जेवायला वाढलंय" एवढंच बोलते.

तुझा,
नरहरी

ता. क. : अक्षया रविवारी तुझ्याकडे येऊन विचारणार आहे. "खसखस यंदा पहिल्यांदाच घातली, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक," असं सांग. (फोन केला असता, पण आमच्या भिंती पातळ.)

ता. क. २ : तिने आठवडाभर आधी बजावलं होतं, बाबा, खसखस नको. फ्रिजवर कागदही लावला होता. तो कागद वाचत वाचतच मी सात लाडू खाल्ले. ताई, अक्षयाच्या आईच्या डोक्याचा फोटो सगळ्यांआधी अक्षयानेच पाहिला होता, आणि संध्याकाळपर्यंत ती पोर ती वाईट बातमी एकटीच मनात घेऊन फिरली. माझ्या डोक्यात काही वाईट निघालं असतं, तर पुन्हा तीच पहिली. तपासणीला माणूस तिला दुसरा मिळेल. हे तिला सांगू नकोस. तिने मला वेंधळा अफूबाज समजलेलं चालेल.