खिडकीजवळचं मशीन

प्रिय रुचिता, आणि तुझ्या लांबलेल्या खोकल्यालाही नमस्कार,

फोनवर तुला खोकला येतो आणि मला रडू, बोलणं राहूनच जातं. म्हणून प्रविणदादाच्या हाती हे पत्र बपेऱ्याला, तुझ्या घरी पाठवते आहे.

इकडे साकोलीत थंडी पडली. सकाळी राईस मिलमागचा तलाव धुक्यात बुडालेला असतो, पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. पोती शिवायच्या तुझ्या मशीनवर सध्यापुरतं मला बसवलंय, रोजीवरच. खिडकीतून ऊन आलं की कोंड्याची धूळ तरंगायला लागते आणि मशीनच्या घरघरीत मी जागेपणीच कुठेतरी निघून जाते. वाटतं, तू शेजारी उभी आहेस, माझे वाकडे टाके पाहून हसतेस. काल तर तुझ्याशी बोलत बोलत मी सरकून तुला जागाही करून दिली. शेजारी पोती भरणाऱ्या पुष्पाबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "काहून वं, कोनासंग बोलून रायली?" मी म्हटलं, रुचितासंग. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. त्या स्वतःच अजून डब्यातली चटणी तुझ्यासाठी बाजूला ठेवतात आणि शेवटी आपणच खातात.

टीबीच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या चुकवू नकोस. तुझे धंदे मला माहीत आहेत. तुझ्याशिवाय इथे करमत नाही गं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. या आठवड्यात आपले सुपरवायझर देवाजी तुला भेटायला येतील. संत्री आणतील, तब्येत विचारतील, मग एका कागदावर सही मागतील. बरी झालीस की परत घेऊ, असं गोड बोलतील. तो राजीनामा आहे. कामगार विम्याच्या दवाखान्यातल्या बाईंना मी मुद्दाम विचारून आले. विम्यातून आजारपणाचा पगार चालू आहे तोवर तुला कामावरून काढता येत नाही. म्हणून तर तूच नोकरी सोडलीस, असं त्यांना लिहून हवंय. संत्री ठेवून घे, सही करू नकोस. मला हे देवाजींनीच सांगितलं. तू सही केलीस की तुझ्या जागी मला कायम करणार आहेत. खोटं कशाला बोलू, ऐकून आधी आनंदच झाला, आईला सांगायला धावतच निघाले होते. पण रुचिता, तू बरी होऊन दारात उभी राहशील, तेव्हा मला त्या मशीनवरून उठून तुला जागा देता आली पाहिजे.

तुझ्या खिडकीशी बसलेली, तुझीच,
खुशबू