फुटपाथचा उतार आणि तीन खोदकामे

चि. भाचेबुवांस मामाचे आशीर्वाद.

तुझा रक्तदाब, तुझ्या आईचे दात आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट, तिन्ही ठीक चालत आहेत असे गृहीत धरतो (गृहीतक चुकले असल्यास कळवावे) आणि विषयाकडे वळतो.

आमच्या फाटकासमोरचा फुटपाथ रस्त्यापासून दीड वीत उंच आहे. तुझ्या मामीचा गुडघा अर्धी वीतही मान्य करत नाही. तिची थोरली बहीण रस्त्यापलीकडे राहते. तिकडे फुटपाथच नाही, पण तिचा गुडघाही इकडे चढण्याच्या विरुद्ध मताचा आहे. परिणामी दोघी वर्षभर समोरासमोरच्या गॅलऱ्यांत उभ्या राहून फोनवर बोलतात. (फोन कशासाठी, असे मी एकदा विचारले. पुन्हा विचारलेले नाही.) उपाय एकच: फुटपाथला उतार करणे. त्यासाठी तो फोडावा लागतो, आणि गेल्या वर्षात तो तीनदा फुटला.

पहिल्यांदा पाण्याच्या नळासाठी. बुजवण्याच्या दिवशी मी मुकादमापुढे मुद्दा मांडला, की फुटपाथ फुटलेलाच आहे, सिमेंट कालवलेलेच आहे, सबब उतार जवळजवळ फुकटात होतो. "आजोबा, बोलता झकास," तो म्हणाला, "पण आमचं काम नळाचं. उतार रस्तेवाल्यांना सांगा." रस्तेवाले म्हणाले, आम्हाला फोडता येत नाही, कोणी फोडला की कळवा. पुढे केबलवाल्यांनी फोडला. मी कळवले. रस्तेवाले आले तेव्हा त्यावरचे सिमेंट वाळलेही होते.

तिसरी वेळ सांडपाण्याच्या पाइपची. बुजवण्याच्या दिवशी मी चराच्या काठाशी खुर्ची टाकूनच बसलो. मुकादमाने खोदण्यापूर्वीचा फोटो हातात धरला आणि गवंड्याकडून फुटपाथच्या कडेचा जुना टवकासुद्धा हुबेहूब घडवून घेतला. मी थक्क झालो. "नियमच आहे, आजोबा. होतं तसं करून द्यायचं, तसूभर फरक नको." त्याने नियमाची प्रत पुढे केली. भाषा रेखीव होती, पळवाट एकही नव्हती. दुसऱ्या वाक्यापाशी ती भाषा ओळखीची वाटू लागली. खोदलेले रस्ते ओबडधोबड सोडून जातात म्हणून नऊ वर्षांपूर्वी रहिवाशांनी एक अर्ज दिला होता. त्याचा मसुदा माझा. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, पण माझा एवढा एकच युक्तिवाद जगाने जसाच्या तसा स्वीकारला.

घरी येऊन हे तुझ्या मामीला सांगितले. "म्हणजे जिंकलात की! आता मला उचलून पलीकडे न्या," ती म्हणाली. याचे खंडन मी अद्याप शोधतो आहे.

तुझा,
मामा

ता. क. : नियमात दुरुस्ती सुचवणारा अकरा पानी अर्ज सोबत जोडला आहे. तो वाचण्याची गरज नाही.

ता. क. २ : चर उघडा असताना मजुरांनी ढकलगाडीसाठी फुटपाथवरून रस्त्यावर एक रुंद फळी तिरकी टाकली होती. त्या आठ दिवसांत तुझी मामी सहा वेळा बहिणीकडे जाऊन आली, हे मला मागाहून कळले. (मी तेव्हा रस्तेवाल्यांच्या कचेरीत बाकावर होतो.) त्यानंतर आम्ही स्वतःच्या दोन फळ्या टाकून पाहिल्या, पण दोन्ही अतिक्रमण म्हणून उचलून नेण्यात आल्या. चर असला तरच फळी कायदेशीर ठरते. तू गॅसच्या पाइपलाइन खात्यात आहेस. तर आमच्या कोपऱ्यावर खोदकाम काढता येईल का? गॅस आला नाही तरी चालेल. बुजवण्याची मात्र घाई करू नये.