शेणाखालचा सागवान

रविवार, ४ मार्च १९५६
अखेर बंगला मिळाला. सकाळच्या गाडीने पिंपरीला उतरलो, हमालाने ट्रंका टांग्यात चढवल्या आणि अर्ध्या तासात मी माझ्या स्वतःच्या व्हरांड्यात उभा होतो. समोर पवना, मागे आंब्याची चार झाडं, स्वैपाकघराला धुराडं. कारखान्याच्या वसाहतीतली घरं अजून जोत्याच्या वर आलेली नाहीत, म्हणून रसायनतज्ज्ञ या नात्याने मला हा जुना साहेबी बंगला दिला आहे. फार बरं वाटलं.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि डोकं फिरलं. जमीन शेणाने सारवलेली. कोपऱ्यात चाकूने खरवडून पाहिलं तर बोटभर थराखाली फळ्या, आणि त्याही अस्सल सागवानी. गाढवाला गुळाची चव काय. हा उद्योग इथल्या सुभद्राबाईंचा. पन्नाशीची कुणबी बाई, गावातल्या जुन्या घराण्यातली. बंगला रिकामा असताना राखण करायची आणि दर अमावास्येला सारवायची. कोणी सांगितलं होतं, विचारलं. तर उलट मलाच विचारते, लेकरू केवढं आहे. म्हटलं, सहा महिन्यांचं, आणि ते तुमच्या शेणात रांगणार नाही.

विमल बाळंतपणापासून पुण्याला माहेरीच आहे. चोवीस तारखेला सासरे नानासाहेब तिला आणि बाळाला घेऊन येतील. खडकीच्या पुलापलीकडे सगळं रान, असं नानासाहेबांचं मत आहे आणि त्या रानात नोकरी धरणारा जावई त्यांच्या लेखी वनचर. त्यांना आरशासारखी जमीन दाखवायची आहे. तीन आठवडे पुष्कळ झाले.

बुधवार, ७ मार्च
चिंचवडचा सुतार ज्योतीराम कामावर लागला. कारागीर बरा, तोंड रडकं. आधी सामान व्हरांड्यात काढलं. पलंग, पुस्तकं, स्टोव्ह, सगळा संसार उघड्यावर. मग खुरप्याने शेणाचे पापुद्रे काढले. थरावर थर निघत होते. टोपल्या भरभरून नदीकडे फेकल्या. खाली फळ्या काळपट पण धडधाकट. कुठे वाळवी नाही. ज्योतीरामला म्हटलं, बघ, तीस वर्षं झाकून ठेवलं होतं तुमच्या लोकांनी. तो म्हणाला, झाकलं म्हणूनच टिकलं असंल.

शुक्रवार, ९ मार्च
सोड्याच्या पाण्याने धुऊन झालं, काल आणि आज रंधा. भुसा चहात, भातात, कानात. रंध्यानंतर काचेच्या तुकड्याने तासणं, मग काचपेपर. मी स्वतः गुडघ्यांवर बसून एक फळी घासली. लाकूड खालून मधासारखं निघतं आहे. इतकी सुंदर वस्तू शेणाखाली गाडणाऱ्यांना काय म्हणावं.

दुपारी ज्योतीरामने भाकरी खाता खाता एक कथा ऐकवली. दात न आलेलं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात, हे मलाही ठाऊक आहे. गावची अशी मुलं पूर्वी इथेच, नदीकाठच्या या तुकड्यात पुरत. साहेबाने जमीन घेतली, त्याला लोकांनी सांगितलं, तो हसला आणि वर बंगला बांधला. सुभद्राबाईंचा भैरू त्याच्या आदल्याच साली गेला, सात महिन्यांचा. तोही इथेच आहे म्हणे. मी ज्योतीरामला समजावलं की या मातीत इतक्या वर्षांत तान्ह्या मुलाच्या हाडाचा कणही उरत नाही. त्याने मान डोलावली आणि भाकरीचा शेवटचा तुकडा दाराबाहेर ठेवला. अडाण्यापुढे विज्ञान म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवार, १२ मार्च
अमावास्या. बाई शेणाची पाटी घेऊन दारात हजर. उघड्या फळ्या पाहून तिने पाटी खाली ठेवली. म्हणाली, “पांघरूण काढलंत साहेब. निजल्याली लेकरं हायेत, उठत्याल न्हवं का.” मला हसू आवरेना. तिने मागितलं इतकंच, की दात येईपर्यंत बाळाला या घरात आणू नका. सारवलेल्या जमिनीत तोंड दिसत नाही, चकाकत्या जमिनीत खालच्याला वरचं दिसतं म्हणे. म्हटलं, बाई, उद्यापासून इकडे फिरकू नका. ती गेली, पाटी व्हरांड्यातच ठेवून. मी पायाने उलटी केली.

गुरुवार, १५ मार्च
फटींत लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरून झाली. काल आणि आज जवसाचं तेल. एका डब्यात जमीन न्हाऊन निघायला हवी, चार डबे संपले. लावता लावता फळी कोरडी. सुकं लाकूड तेल पितं, यात नवल नाही. तेल आणायला मीच निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, साहेब, जमीन रंगवता की तळता. उद्धट माणूस.

रविवार, १८ मार्च
चपडा लाखेचा तिसरा हात. स्पिरिटमध्ये लाख, कापडाचा बोळा, आणि हलका गोल हात. ज्योतीरामच्या हातात जादू आहे हे कबूल. छताच्या तुळया, खिडकीचे गज, सगळं जमिनीत उलटं दिसतं. नानासाहेबांचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे येऊन मी एकटाच हसलो.

ज्योतीराम आज चारच्या आत निघून गेला. जाताना म्हणाला, अनवाणी चालू नका. उरलेला हात तुमचा तुम्ही लावा. त्याचा रंधा इथेच राहिला आहे. सुतार रंधा विसरत नाही.

मंगळवार, २० मार्च
निरीक्षण लिहून ठेवतो. प्रयोगशाळेची सवय.
भर दुपारी दीडला मी जमिनीच्या मधोमध उभा होतो. ऊन थेट आत. माझं प्रतिबिंब पायाशी चिकटलेलं, ते साहजिक आहे. बाजूला सरकलो. प्रतिबिंबही सरकलं. पण मी होतो त्या जागी दोन पांढुरके डाग राहिले. वाकून पाहिलं. पंजे. माझ्या अर्ध्या तळहाताएवढे. काचेला आतून हात टेकवावा तसे टेकलेले, बोटं पसरलेली.
लाख ओली असताना कोणी हात लावला असणार. गावातलं एखादं पोर. स्पिरिटने पुसलं. पृष्ठभागावर काहीच नाही. डाग खाली आहेत.

बुधवार, २१ मार्च
सकाळी दोन पंजे, दुपारी अकरा. मी जिथे उभा राहतो तिथे येतात. दुसरीकडे गेलो की पाच-दहा मिनिटांत तिथे. चटई टाकली तर चटईच्या कडेने ओळीने.
खालून लाखेत ओल धरली असेल. ओलीला बोटं नसतात, हेही मला कळतं.
मला भीती वाटते आहे. लिहिलंच एकदा.

गुरुवार, २२ मार्च
विमलला येऊ नको म्हणून तार करायची ठरवली. पोस्टात फॉर्म घेतला आणि पेन थांबलं. काय लिहू? शेण खरवडलं म्हणून मुलं जागी झाली? ती तार आधी नानासाहेब वाचणार, मोठ्याने, चार लोकांत. आयुष्यभर पुरेल एवढं हसं होईल माझं. फॉर्म फाडून टाकला.
बाळ व्हरांड्यातच ठेवायचं. अमावास्या येईल तेव्हा बाईकडून कोणाच्या नकळत सारवून घेऊ. तोवर काय होतंय.

शनिवार, २४ मार्च
आली. बाळ केवढं गुटगुटीत झालं आहे. आता सरसर रांगतं. हिरड्या अजून मऊ. बोट घालून पाहिलं, विमल हसली.
नानासाहेब दिवाणखान्याच्या दारात थांबले. जमीन न्याहाळली. “वा. हे मात्र साहेबी काम केलंत जावईबापू.” सात वर्षांत पहिल्यांदा कौतुक. मी ते घेतलं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पायाशी पंजे होते, त्यांना दिसले नाहीत. पाचच्या गाडीने गेले.
बाळाचा पाळणा व्हरांड्यात बांधला. विमल विचारते, इतकी छान जमीन कुणासाठी केलीत मग. लाख ओली आहे म्हणालो. तिने बोट लावून पाहिलं.

रविवार, २५ मार्च
१०.१०. मी न्हाणीत होतो तेवढ्यात तिने बाळाला खाली सोडलं. हाक आली. धावलो. बाळ खिडकीपाशी पालथं, दोन्ही पंजे टेकलेले, खालून दोन पंजे, अगदी जुळलेले. बाळ हसत होतं. उचलायला गेलो. उचललं जात नाही.

१०.३०. स्पिरिट ओतलं. तेल. कोमट पाणी. काही नाही. आता बाळ रडतंय. विमलला गावात पिटाळलं, सुभद्राबाईंना आणायला. शेण घेऊन या म्हणावं. पाया पडतो म्हणावं.
रिकामं बसवत नाही. म्हणून लिहितो आहे.

११.००. बाई आली. पदर खोचला. समोरच्या भिंतीकडून सारवत खिडकीकडे येते आहे. मीही शेणात हात घातले. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, तुमाला जमायचं न्हाई. बाहेर खिडकीशी बसलो.
ती सारवेल तिथले पंजे विझतात. उरलेले बाळाकडे सरकतात. सगळे —

११.४०. सुटलं. सुटलं. हसतंय. बाईने त्याला डाव्या कडेवर घेतलं आहे, उजव्या हाताने सारवणं चालूच. विमल घ्यायला गेली. बाळाने पाठ फिरवली. पुन्हा गेली. ओळखच नाही जणू. भेदरलं असेल.
बाई रडते आहे. त्याला भैरू म्हणते. म्हातारपणी जीभ —
बाळ तिच्या गळ्याला मिठी मारून —

११.४५. एकच फळी राहिली, खिडकीखालची. ऊन आहे तिच्यावर. खाली तोंड आहे. रडतंय, आवाज येत नाही. माझ्याकडेच बघतंय. काल त्याच तोंडात मी बोट —
बाईचा हात त्या फळीवर आला. थांबा म्हणतो आहे मी, बाई, थांबा, ती नको, तिच्याखाली माझा —