टेबल क्र. १४ वरील स्टँडची जुनी उंची

प्रति,
मा. साधनसामग्री अधिकारी,
तळमजला, प्रतिलिपी कार्यालय.

विषय : टेबल क्र. १४ वरील लॅपटॉप स्टँड, जो माझ्याच तक्रारीवरून खाली आणण्यात आला, तो पुन्हा पूर्वीच्या उंचीवर नेऊन मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज (स्टँड खाली आणून मिळणेबाबत).
२) काम पूर्ण झाल्याची पावती, दि. ३ सप्टेंबर, माझ्या सहीची.
३) आपले परिपत्रक : नवीन स्टँड व डॉक यांची निवड महिनाअखेरपर्यंत कळविणेबाबत.

महोदय,

१. वरील विषय आणि संदर्भ क्र. १ यांचा मेळ बसत नाही, याची मला कल्पना आहे. या अर्जाचा मसुदा आवक शाखेतील बाईंना दाखवला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला आणि "अहो, वर का खाली, एकदाचं काय ते ठरवा," असे म्हणाल्या. त्यांचे म्हणणे रास्त आहे. तरीही आपण अर्ज शेवटपर्यंत वाचावा, एवढेच मागणे आहे.

२. मी या कार्यालयात चौदा महिन्यांपासून पडताळणी लिपिक आहे. त्याआधी एकोणीस वर्षे माझे पती याच पदावर, याच टेबलावर होते. ते वारल्यावर मला त्यांच्या जागी घेण्यात आले. 'त्यांच्या जागी' हे शब्द नेमणूकपत्रात आहेत आणि कार्यालयाने ते तंतोतंत पाळले. खुर्ची तीच, खण तोच, खणातली टाचणीची डबीसुद्धा तीच. काम असे, की डाव्या पडद्यावर मूळ दस्त, उजव्या पडद्यावर टंकलेली प्रत आणि मधोमध स्टँडवर लॅपटॉप. दोन्हींत फरक दिसला की मान वर करून मधल्या पडद्यावर नोंद करायची. दिवसाकाठी तीनशे पाने होतात, म्हणजे मान किती वेळा वर होते ते आपण काढू शकाल.

३. पतींची उंची सहा फूट दोन इंच होती. कार्यालयात त्यांना 'शिडी' म्हणत, हे आपल्याला आठवत असेल. माझी उंची पाच फुटांना अर्धा इंच कमी आहे. स्टँड त्यांनी स्वतः निवडलेला. त्या वेळी तीन नमुने आले होते. त्यांनी प्रत्येकावर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवली, टेबलावर दणादण टाइप केले आणि कोणत्या वाटीतले पाणी सांडते ते पाहिले. घडीच्या स्टँडने अर्धी वाटी सांडली. लाकडीने थोडी. एका खांबाचा, टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळायचा जो होता, त्यातून थेंबही सांडला नाही. तोच घेतला. घरी येऊन हे मला जेवताना सांगितले, तेव्हा मी "बरं" म्हटले. अधिक काही विचारायला हवे होते.

सगळ्या वायरी एकत्र जोडणारे डॉकही त्यांनीच निवडले. सकाळी एक वायर लावायची, संध्याकाळी एक काढायची, मधे कोणाची कटकट नको, असा त्यांचा हिशेब. डॉक टेबलाखाली पट्टीने बांधलेले आहे. प्रत्येक वायरीला कागदी चिठ्ठी आहे : 'डावा', 'उजवा', 'कीबोर्ड' आणि एकीवर 'ही ओढू नये, राग येतो'. राग कोणाला येतो, डॉकला की त्यांना, ते लिहिलेले नाही.

४. रुजू झाल्यावर महिनाभरात माझी मान धरली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मी पहिला अर्ज केला. स्टँड सुस्थितीत असल्याने त्याला हात लावता येणार नाही, असे कळवून मला दोन उशा मंजूर झाल्या. उशांवर बसल्यावर पाय अधांतरी राहिले, म्हणून दुसरा अर्ज. त्यावर पायांखाली ठेवायला लाकडी चौरंग मिळाला. चौरंगामुळे गुडघे टेबलाखालच्या डॉकला लागू लागले, म्हणून तिसरा. त्यावर डॉकच्या खालच्या बाजूला स्पंज चिकटवण्यात आला. अशा रीतीने कार्यालयाने स्टँड खाली न आणता मला वर नेण्याचा मनापासून प्रयत्न केला. हे मी उपरोधाने लिहीत नाही. पण तरीही चार बोटे कमीच पडत होती. मग चौथा अर्ज.

५. चौथ्या अर्जावर दि. ३ रोजी तंत्रज्ञ लांब पान्हा घेऊन आले. मी त्या वेळी चहाला गेले होते. परत येईपर्यंत बोल्ट सैल करून, खांब खाली घेऊन, पुन्हा आवळून, तेलाच्या फडक्याने पुसून काम झालेले होते. मी बसून पाहिले. पडदा बरोबर डोळ्यांसमोर होता. मी त्यांचे आभार मानले, पावतीवर 'काम समाधानकारक' येथे खूण केली आणि सही केली. काम समाधानकारकच होते.

६. तेव्हापासून मान दुखत नाही. बोटांतल्या मुंग्याही गेल्या. उशा मी बाजूला काढून ठेवल्या आहेत.

मला जे सांगायचे आहे ते इथे येते. घरातही त्यांच्याशी बोलायचे तर मला इतकीच मान वर करावी लागे. बावीस वर्षे केली, तेव्हा ती कधी दुखली नाही. चौदा महिने या टेबलावर मी दिवसातून शेकडो वेळा मान वर करत होते आणि पाहत होते ती जागा त्यांच्या नजरेची होती. हे मला त्या वेळी कळले नाही. कळले असते तर चार अर्ज केले नसते. आता मी समोर पाहते आणि समोर फक्त पडदा असतो. ते गेल्यावर मला रडू आले नाही. सगळ्यांनी "रडून घे, मोकळी हो" असे सांगितले. मी एकदा दार लावून प्रयत्न केला, जमले नाही, मग कपडे वाळत घातले. ही बाब आपल्या अखत्यारीत येत नाही याची जाणीव आहे. फक्त नोंद असावी म्हणून लिहिले.

७. खरी अडचण अशी की जुनी उंची कोणालाच ठाऊक नाही. खांबावर आकडे नाहीत. जुन्या जागी गोल डाग पडला होता, तो तेलाच्या फडक्याने गेला. पावतीच्या नमुन्यात 'नवीन उंची' असा रकाना आहे, 'जुनी उंची' असा नाही. तंत्रज्ञांना विचारले, तर म्हणाले, "बाई, खाली आणा म्हणाला होतात, आणला. आधी कुठे होता ते मी कशाला बघू?" त्यांचा दोष नाही. माझ्या चारही अर्जांत 'फार उंच' एवढेच आहे. दिवसाला तीनशे पानांचे फरक शोधणाऱ्या लिपिकाने स्वतः एकदाही माप घेतले नाही.

मग मी स्वतःच उपाय केला. उशा परत घेतल्या, चौरंग लावला आणि लॅपटॉपखाली एकेक रजिस्टर वाढवत गेले. बोटांना मुंग्या येतील ती जुनी उंची, असा विचार होता. सोमवारी चार रजिस्टरांवर मुंग्या आल्या. मंगळवारी सहावर. बुधवारी आल्याच नाहीत आणि वरचे रजिस्टर पर्यवेक्षकांच्या पायावर पडले. त्यांनी ते उचलून परत टेबलावर ठेवले. का, असे विचारले असते तर काय उत्तर दिले असते, ते मी अजून ठरवते आहे.

८. संदर्भ क्र. ३ च्या परिपत्रकाप्रमाणे प्रत्येकाने तीनपैकी एक नवीन स्टँड व दोनपैकी एक डॉक निवडायचे आहे, न निवडल्यास घडीचा स्टँड येईल आणि जुने सामान जमा होईल. मी तिन्ही स्टँड खरेदी शाखेत जाऊन पाहिले. वाटी नेली होती. घडीच्या स्टँडवर अजूनही पाणी सांडते. उरलेले दोन चांगले आहेत, नवीन डॉकही चांगले आहे, त्याला तोंडे जास्त आहेत. मला त्यातले काही नको.

९. सबब विनंती की,

(अ) टेबल क्र. १४ वरील स्टँड व डॉक चिठ्ठ्यांसह आहे तिथेच राहू द्यावे.

(आ) जुन्या उंचीच्या मापासाठी माझ्या मोठ्या दिरांना एक दिवस पाच मिनिटे टेबल क्र. १४ च्या खुर्चीवर, उशांविना, बसण्याची परवानगी द्यावी. दोघा भावांचे शिंप्याच्या वहीत एकच माप आहे. तंत्रज्ञांनी त्यांच्या नजरेच्या रेषेत पडद्याची वरची कड आणून बोल्ट आवळावा. प्रवेशपत्रावर येण्याचे कारण 'बसणे' असे लिहावे, कारण दुसरे कारण नाही.

(इ) यापुढे मानेबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही, असे हमीपत्र मी सोबत देत आहे. उशा लागतीलच, त्या काढून घेऊ नयेत.

(आ) बाबत एक खुलासा करणे आवश्यक आहे. ते गेल्यानंतर सासूबाईंनी एकदा मोठ्या दिरांना मागून पाहून धाकट्याच्या नावाने हाक मारली. तेव्हापासून भाऊजी आमच्या घरी आले की भिंतीला पाठ लावूनच बसतात. टेबल क्र. १४ ची खुर्ची दाराकडे पाठ करून आहे. हे मी त्यांना आधीच सांगितले. तरी ते "येतो" म्हणाले.

माप घेणे चालू असताना मी दारात उभी राहीन. खुर्चीवर कोण बसले आहे हे मला ठाऊक असेल, त्यामुळे कामात अडथळा येणार नाही. पाच मिनिटांच्या जागी दहा लागली, तरी माझी हरकत नाही.

आपली नम्र व तूर्त सरळ मानेने बसणारी,
(सही)
पडताळणी लिपिक, टेबल क्र. १४
दिनांक : १९ सप्टेंबर

सोबत :
१) निवडीचा नमुना, कोरा.
२) दि. ३ च्या पावतीची प्रत.
३) शिंप्याच्या वहीतील पानाची प्रत.
४) मानेबाबतचे हमीपत्र.
५) मोठ्या दिरांचे संमतिपत्र, एका शब्दाचे.